वॉर्डात एचआर नसतो

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री अडीच वाजता कधी थांबलायत का तुम्ही? पेशंटचे नातेवाईक म्हणून, चादर आणि पाण्याची बाटली घेऊन? मी थांबलेय, गेल्या वर्षी आजोबांसाठी. वॉर्ड रात्री शांत होतो हा माझा गैरसमज पहिल्याच रात्री गेला. मॉनिटरचं टीं टीं, खडखडणारे पंखे, कुणाचा तरी खोकला, स्ट्रेचरची चाकं, कोपऱ्यात मोबाइलवर लागलेली भजनं. आणि या सगळ्या कल्लोळात एक जण टेबलापाशी उभा राहून फोनवर पलीकडून सांगितलेले डोस केस पेपरवर उतरवत असतो. तो रेसिडेंट डॉक्टर. एमबीबीएस झालेला, पीजी करणारा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठा.

आता समजा, त्याला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही. आणि हे त्या वॉर्डात कुणालाच माहीत नाही.

माझी मावसबहीण अशीच डॉक्टर आहे. तिला विचारून लिहितेय. शहर, कॉलेज, शाखा यातलं काहीच सांगणार नाही. ताईला सहाव्या वर्षी गालगुंड झाले आणि त्यात डावा कान गेला, पूर्ण. उजवा ठणठणीत आहे. घरी जेवायला बसताना तिची जागा ठरलेली असते, डावीकडे भिंत आणि उजवीकडे आम्ही सगळे. हे इतकं अंगवळणी पडलंय की याला कायद्याच्या भाषेत 'सोय' म्हणतात, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत सुचलंही नव्हतं.

शाळा, बारावी, प्रवेश परीक्षा, एमबीबीएस, सगळं ती पहिल्या बाकावर बसून पार पडली. स्टेथोस्कोपला एक कान पुरतो, असं ती हसत सांगायची. खरी गंमत पीजीला सुरू झाली. राउंडला सर पुढे आणि मागे बारा माणसं, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. ओठ दिसत नाहीत. एकच कान असला की आवाज नेमका कुठून आला ते कळत नाही, त्यामुळे कुणी हाक मारली की ती आधी चुकीच्या दिशेला बघते. लोकांना वाटतं, लक्ष नाही. गोंगाटात एकाचंच बोलणं वेगळं काढता येत नाही. ड्यूटी रूममध्ये उजव्या कुशीवर झोप लागली तर फोन ऐकूच येत नाही, म्हणून ती मुद्दाम डाव्या कुशीवर झोपते. झोपायला मिळालं तर.

एका रात्री सीनियरनी फोनवर डोस सांगितला. फिफ्टीन की फिफ्टी? तिला नीट कळलं नाही. तिने परत विचारलं. तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'झोपलीयेस का?' असं ऐकू आलं, तेवढं मात्र स्वच्छ, आणि फोन बंद. तिने पुस्तक उघडून डोस तपासला, सिस्टरना विचारून खात्री केली. पंधराच होता. पेशंटला काही झालं नाही. ताई पहाटे बाथरूममध्ये जाऊन रडली आणि साडेसातला राउंडला उभी राहिली. युनिटमध्ये तिच्या कानाबद्दल आजही फक्त त्या सिस्टरना माहीत आहे.

'मग सांगून का टाकत नाही?' तुम्हीही हेच विचाराल. मीही विचारलं. नुकतंच वर्गात 'इन्क्लूजन' या विषयावर प्रेझेंटेशन देऊन आलेल्या मास कॉमच्या मुलीच्या सगळ्या आत्मविश्वासाने विचारलं. ताई म्हणाली, "सांगते ना. कुणाला सांगू, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही एखाद्या कंपनीत असाल तर निदान नावापुरता तरी एचआर असतो. चांगला असेल, वाईट असेल. पण तुमचं काम जोखणारा बॉस वेगळा आणि तुमची अडचण नोंदवणारा माणूस वेगळा, एवढी तरी फारकत असते. वॉर्डात एचआर नसतो. ड्यूटी लावणारे तेच, लॉगबुकवर सही करणारेही तेच. थिसिस गाईड म्हणून बऱ्याचदा तेच, आणि परीक्षेच्या वेळी तुमच्याबद्दल चांगलं-वाईट मत देणारेही तेच. ज्याच्या हातात तुमची तीन वर्षं आहेत त्याच्याकडेच जाऊन सांगायचं की सर, माझ्यात अमुक कमी आहे. बरं, सर चांगले असतीलही. पण चांगले निघतील का, हे सांगितल्यानंतरच कळणार. सांगितलेलं परत घेता येत नाही. हे युनिट सोडून दुसऱ्या कॉलेजात जावं म्हटलं तर पीजीची सीट म्हणजे काही जिमची मेंबरशिप नव्हे.

त्यात रेसिडेंट हा नक्की कोण, हेही धड ठरलेलं नाही. फी भरताना तो विद्यार्थी असतो आणि ड्यूटी लावताना कर्मचारी. सोयी मागायला गेला की आज नेमकं कुठलं खातं उघडं आहे, ते समोरच्यावर अवलंबून.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याकडे आहे, आणि चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. ('दिव्यांग' हा शब्द ताईला अजिबात आवडत नाही. "दिव्य काय आहे त्यात? कान गेलाय," म्हणते.) सरकारी आस्थापनांनी अपंग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यावी, प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं, सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. मी ओळखीतल्या चार-पाच मेडिकोंना विचारलं, तुमच्या कॉलेजात हा अधिकारी कोण? एकाने रॅगिंगविरोधी समितीचं पोस्टर पाठवलं. बाकीच्यांनी 'असं असतं?' म्हणून उलट मलाच विचारलं.

गेल्या काही वर्षांत कोर्टांनी मेडिकलचं दार बऱ्यापैकी उघडलंय, हेही मान्य करायला हवं. आधी नियम कसा होता बघा. दिव्यांग कोट्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागायचं, आणि वाचा-भाषेसारख्या काही प्रकारांत ४० टक्के भरलं की एमबीबीएसला अपात्र! म्हणजे कोटा ज्याच्यासाठी, त्यालाच बंदी. ४४-४५ टक्के वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेली. ओमकार गोंड प्रकरण म्हणून ती ओळखली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्केवारीवर कुणाला बाद करता येणार नाही, हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा. त्याच महिन्यात ओम राठोड प्रकरणातला निकाल आला. मेडिकल कॉलेजांत अशा विद्यार्थ्यांसाठी मदत केंद्रं असावीत, क्लिनिकल कामात लागणाऱ्या सोयींसाठी त्यांना तिथे जाता यावं, असं त्यात आहे. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये 'दोन्ही हात धडधाकट हवेत' ही अटही न्यायालयाने मनमानी ठरवली.

आमच्या क्षेत्रातलंही एक उदाहरण आहे, म्हणून सांगते. पुण्यातल्या एफटीआयआयमध्ये रंगांधळेपणामुळे एका विद्यार्थ्याला एडिटिंगच्या कोर्सला प्रवेश नाकारला गेला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सिनेमा हे अनेकांचं मिळून केलेलं काम आहे, एकाला रंग दिसत नसेल तर दुसरा मदत करू शकतो, असा साधारण विचार होता. हे वाचताना मला वॉर्ड आठवला. उपचारही एकटा माणूस करत नाहीच की.

पण हे सगळे निकाल मुख्यतः प्रवेशाबद्दलचे आहेत. गेटातून आत गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात रात्री काय होतं, तिथे कोर्ट येत नाही.

आणि ताई तर त्या गेटाच्या हिशेबातही बसत नाही. आपल्याकडे ऐकण्याच्या अपंगत्वाची टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाच पट वजन देतात. एक कान शंभर टक्के गेला आणि दुसरा उत्तम असला, तर गणित येतं सतरा टक्क्यांच्या आसपास. ४० म्हणजे लांबची गोष्ट. कोटा नाही, आणि तिला तो नकोही आहे. पण कॉलेजातल्या कारकुनापासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समज असा की ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही म्हणजे अडचणच नाही. हा समज चुकीचा आहे. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, वाजवी सोय मिळण्यासाठी नाही. हे वाक्य मी ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे आमच्या सरांना कोण सांगणार?"

त्यात २०२४ मधलं ते प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्राचं प्रकरण महाराष्ट्राला चांगलंच आठवत असेल. तेव्हा आपण सगळ्यांनी मीम्स फॉरवर्ड केले. मीही केले. तेव्हापासून जे अपंगत्व बाहेरून दिसत नाही ते सांगणाऱ्याकडे लोक आधी संशयाने बघतात. 'तू तर नॉर्मल दिसतेस' हे कौतुक नसतं, ती उलटतपासणी असते.

ताईला लागतं तरी काय? फोनवर दिलेली ऑर्डर नंतर एका ओळीच्या मेसेजवर यावी. राउंडला सरांच्या डाव्या बाजूला उभं राहायला मिळावं, म्हणजे तिचा उजवा कान सरांकडे राहील. थिएटरमध्ये काही सांगताना आधी नाव घ्यावं. रात्रीच्या कॉलसाठी मनगटावर थरथरणारं घड्याळ, ते तिने स्वतःच घेतलंय. कॉलेजचा खर्च शून्य रुपये.

यातली पहिली मागणी तर तिच्यापुरती नाहीच. तोंडी सांगितलेली ऑर्डर लिहून घ्यायची आणि परत वाचून दाखवायची, ही रुग्णसुरक्षेतली जगभर मान्य असलेली पद्धत आहे. पंधरा आणि पन्नासचा घोळ दोन्ही कान शाबूत असलेल्या, पण तीस तास न झोपलेल्या डॉक्टरचाही होऊ शकतो. म्हणून 'रुग्णाच्या जीवाशी खेळ नको' असं कुणी म्हटलं की मला म्हणावंसं वाटतं, अगदी बरोबर, म्हणूनच तर सांगता आलं पाहिजे. जिच्या कानाबद्दल युनिटला माहीत आहे, तिला डोस लिहून मिळेल. जिच्याबद्दल माहीत नाही, ती तिसऱ्यांदा विचारायला घाबरेल. तुमच्या आजोबांच्या खाटेपाशी यातली कुठली डॉक्टर असावी, ते तुम्हीच ठरवा.

पण सगळ्याच सोयी फुकटात होत नाहीत, आणि इथे मला माझ्याच बाजूचं अर्धसत्य सांगून पळायचं नाहीये. ताईच्या बॅचमध्ये एकाला फिट्स येतात. झोप कमी झाली की फिट येण्याची शक्यता वाढते, हे त्यालाही माहीत आहे आणि त्याच्या सहकाऱ्यांनाही, शेवटी सगळे डॉक्टरच. त्याने सांगितलं. त्याच्या लागोपाठच्या नाइट्स कमी झाल्या. मग त्या नाइट्स केल्या कुणी? बाकीच्या चौघांनी. नवा माणूस आला नाही, ज्यादा पैसे मिळाले नाहीत. दोन महिन्यांत त्याच्याशी जेवायला बसणारे कमी झाले. ताईसुद्धा एकदा चिडून बोलली, "त्याला झोप, आणि आम्ही मरायचं." आणि मग स्वतःच गप्प झाली.

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. सोय संस्थेने करायची असते, तिची किंमत मात्र बॅचमेट्सच्या झोपेतून कापली जाते. रोटा आधीच इतका ताणलेला असतो की एक माणूस हलला की बाकीचे पडतात. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांच्या वर नको, असं म्हटलेलं आहे. २०२३ च्या पीजीच्या नियमांत आकडा गायब झाला आणि 'वाजवी तास' आले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच टास्क फोर्सने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांच्या वर नको, अशी शिफारस केली. ७४! म्हणजे सुट्टीचा दिवस धरला तर रोज बारा तासांहून जास्त. आणि रेसिडेंट्सना विचाराल तर हा आकडा ऐकून ते हसतात, इतका तो त्यांना आरामाचा वाटतो. ब्रिटनमध्ये कमी तास काम करून प्रशिक्षण जास्त वर्षांत पुरं करायची सोय डॉक्टरांना मिळते. आपल्याकडे तसं काही मागितलं तर लोक म्हणतील, मग डॉक्टर व्हायला सांगितलं कुणी?

त्याच टास्क फोर्सच्या पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पीजीच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. नाव न सांगता भरायच्या फॉर्ममध्ये इतके. आता यातल्या किती जणांनी आपल्या युनिटमध्ये सांगितलं असेल, याचा अंदाज करा. मानसिक आजारही २०१६ च्या कायद्यात येतो, बरं का. पण 'ती डिप्रेशनची गोळी घेते' हे एकदा ड्यूटी रूममध्ये पसरलं की पुढच्या प्रत्येक चुकीला तेच कारण चिकटतं. इतरांच्या चुका कामाच्या ताणामुळे होतात, तिची मात्र गोळीमुळे.

विषय निघाला की कुणीतरी प्रेरणादायी नावं घेतंच. आपले डॉ. सुरेश अडवाणी घ्या. लहानपणी पोलिओ झाला, व्हीलचेअर आली, मेडिकलला सुरुवातीला प्रवेशही नाकारला गेला; पुढे ते देशातले अग्रगण्य कॅन्सरतज्ज्ञ झाले, पद्मभूषण मिळालं. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गिस यांचं तर ताईने मला सांगितलं. १९५४ मध्ये गाडीच्या अपघातात कंबरेखालचं शरीर लुळं पडलं, तेव्हा त्या तरुण डॉक्टर होत्या. नंतर त्या व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करायला लागल्या. ही माणसं मोठीच आहेत. पण या गोष्टी सांगताना आपण फक्त जिद्द सांगतो. डॉ. व्हर्गिस यांच्या बाबतीत बसून करता येईल अशी शस्त्रक्रिया शोधली गेली, डॉ. पॉल ब्रँड यांच्यासारखा सर्जन पाठीशी उभा राहिला. हा भाग गोष्टीतून गळतो. आणि मग उरलेली जिद्द छडीसारखी वापरली जाते, 'त्या करू शकल्या, तुला काय झालं?'

मग काय करावं? मी काही आरोग्यमंत्री नाही, इंटर्न आहे. पण एक गोष्ट मला करण्यासारखी वाटते. 'सांगा, घाबरू नका' असं पोस्टर लावण्याऐवजी कॉलेजांनी विचारायला सुरुवात करावी. पीजीचा पहिला दिवस, प्रत्येकाला एक पानाचा फॉर्म, टॉपरपासून शेवटच्या राउंडला आलेल्यापर्यंत सगळ्यांना. त्यात 'तुम्हाला काही आजार आहे का?' असा पोलिसी प्रश्न नको. 'काम नीट करण्यासाठी तुम्हाला काय लागेल?' एवढाच. कुणी लिहील वेळेवर जेवण, कारण इन्सुलिन चालू आहे. कुणी लिहील लिफ्टजवळचा वॉर्ड. कुणी कोरा देईल. हा फॉर्म युनिट हेडकडे जाऊ नये. डीन ऑफिसातल्या अशा एका माणसाकडे जावा, ज्याची सही ना थिसिसवर लागते ना लॉगबुकवर. त्याने युनिटला फक्त सोय कळवायची, कारण नाही. आणि कुणाच्या नाइट्स कमी केल्या तर तेवढ्या भरायला माणूस द्यायचा, उरलेल्या चौघांत वाटून टाकायच्या नाहीत. या शेवटच्या वाक्याला पैसे लागतात, मला माहीत आहे. म्हणूनच बाकी सगळं कदाचित होईल आणि ते होणार नाही, असंही वाटतं.

एक कबुली. या इंटर्नशिपच्या फॉर्मवर 'काही वैद्यकीय तक्रार?' असा रकाना होता. मला चौदाव्या वर्षापासून मायग्रेन आहे. ट्यूबलाइट लुकलुकत असली की तासाभरात डोळ्यांपुढे काजवे. मी 'नाही' लिहिलं. इथे ना कुणाचा जीव माझ्या हातात आहे, ना माझी तीन वर्षं कुणाच्या मुठीत. तरी 'नाही'. माझ्या डेस्कवरची ट्यूब गेले दोन महिने लुकलुकतेय. हा मजकूर तपासणारे दादा आता ती बदलतील बहुतेक.

गेल्या आठवड्यात ताईने मला एक मेसेज पाठवला, तिच्या सरांना पाठवायचा होता त्याचा कच्चा मसुदा. तू पत्रकार आहेस, भाषा बघून दे, म्हणाली. सहा ओळी होत्या. लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही, कामात अडचण येऊ देणार नाही, फोनवरच्या ऑर्डर्स मेसेजवरही मिळाल्या तर बरं होईल. सहा ओळींत तीनदा 'सॉरी' होतं. मी तिन्ही काढले. तिने एक परत घातला. एक तारखेपासून तिचं नवं पोस्टिंग सुरू होतंय, नवे सीनियर, नवा वॉर्ड. मेसेज अजून ड्राफ्टमध्येच आहे.